खोडलेल्या ओळीपाशी सही

बायको: आता ही सातवी ओळ. 'स्वागत सजावट'. कुणाचं स्वागत?

काउंटरवाली: बाळाचं. खोलीत फुगे लावतात, दारावर पाटी, पलंगाला रिबिनी. छान दिसतं, ताई.

बायको: बाळाला दिसतं?

काउंटरवाली: बाळाला कुठून दिसणार? पहिल्या दिवशी त्याला वीतभर अंतरापलीकडचं काही कळत नाही.

बायको: मग ही खोडली.

काउंटरवाली: अहो, मघापासून काय सांगतेय मी? हे डिलक्स पॅकेज आहे. त्यातली एकेक ओळ खोडता येत नाही. घ्यायचं तर अख्खं घ्यायचं.

बायको: तुम्हाला येत नसेल. मला येतं, पेन माझं आहे. ही बघा, रेघ मारली आणि बाजूला छोटी सही केली.

काउंटरवाली: सही कशाला?

बायको: आमच्या धंद्याची रीत आहे. माझे मिस्टर रंगारी आहेत, लोकांची घरं रंगवतात. त्यांची कोटेशनं मी लिहिते, अक्षर माझं बरं म्हणून. गिऱ्हाईक म्हणतं, छताला रंगाचा दुसरा हात नको, तेवढे पैसे कमी करा. आम्ही ती ओळ खोडतो आणि बाजूला गिऱ्हाइकाची सही घेतो. सहा महिन्यांनी छतावर डाग उठले तर मग कुणी कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत.

काउंटरवाली: आणि आता आठव्या महिन्यात इथे उभं राहून माझं पॅकेज खरवडताय. थांबा, ही खुर्ची घ्या. पाय सुजलेत तुमचे.

बायको: बसते. पण कागद द्या इकडे. आठवी, 'बाळाचं पहिलं फोटोशूट', खोडली. नववी, 'पाहुण्यांसाठी सोफा'. आमचे पाहुणे उभ्या उभ्या येतील आणि लवकर जातील. खोडली. हे 'प्रसूती किट' म्हणजे काय?

काउंटरवाली: चादरी, टॉवेल, बाळाची लंगोटं, टोपडं, मोजे. आमच्या औषधांच्या दुकानातून येतं सगळं.

बायको: घरून आणलं तर चालतं?

काउंटरवाली: स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत बांधून आणलं तर चालतं.

बायको: मग तुम्ही तसं आपणहून सांगत का नाही?

काउंटरवाली: कुणी विचारत नाही, ताई. लोक इथे येतात ते घाबरून. घाबरलेला माणूस कागद वाचत नाही, शेवटचा आकडा बघतो आणि सही करतो.

बायको: आमच्याकडेही तसंच आहे. ज्याच्या घरी आठवड्यावर लग्न आलंय त्याला मिस्टर ठोक रक्कम सांगतात. जो फूटपट्टी घेऊन मागे फिरतो त्याला ओळवार लिहून देतात. बरं, आता खरं सांगा. मी ही खोलीच नको म्हटलं, जनरल वॉर्डात पलंग घेतला, तर एकूण किती?

काउंटरवाली: पंच्याहत्तर हजार, सरळ झालं तर. सिझर करावं लागलं तर एक लाख दहा.

बायको: आणि डिलक्सचे एक लाख ऐंशी. एका खोलीत एवढं काय असतं? डॉक्टर वेगळा येतो का?

काउंटरवाली: डॉक्टर तोच. टेबलही तेच, टाके घालणारा हातही तोच. पण खोलीचा वर्ग चढला की प्रत्येक गोष्टीचा दर चढतो. तपासणीचा, सलाइनचा, नर्सचा, सगळ्याचा. हे मी तुम्हाला सांगितलं असं कुठे बोलू नका.

बायको: म्हणजे भिंत तेवढीच, दाराशी गाडी कुठली उभी आहे ते बघून रंगाचा भाव.

काउंटरवाली: तुमचे मिस्टर तसं करतात?

बायको: गाडी मोठी असली तर करतात. मी लिहिते ना, मला माहीत आहे. रक्ताच्या तपासण्या बाहेर केल्या आहेत, ते कागद चालतील?

काउंटरवाली: महिन्याच्या आतले असतील तर चालतील. पुन्हा करायची गरज नाही. आणि घरी सोडतील त्या दिवशी अकराच्या आत निघा. अकराला दहा मिनिटं कमी असताना लोक चहा घेत बसतात आणि अख्खा दिवस बिलात चढतो. एक विचारू? पैशांची एवढी ओढाताण असेल तर मागच्या चौकात लहान प्रसूतिगृह आहे. चाळीस हजारांत मोकळं करतात.

बायको: तिथे जाऊन आलेय मी. तीन वर्षांपूर्वी.

काउंटरवाली: अस्सं. म्हणजे हे दुसरं?

बायको: हे दुसरं. घरात पहिलं नाही.

काउंटरवाली: माफ करा, ताई.

बायको: तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही मला जनरल वॉर्डाचा कागद द्या. डिलक्सचा हा परत घ्या, सह्यांसकट.

काउंटरवाली: तसा परत घेता येणार नाही. तुमच्या नावावर डिलक्स बुक झालंय. सोमवारी तुमच्या मिस्टरांनी तीस हजार आगाऊ भरलेत.

बायको: तीस हजार? ते तर म्हणाले, नुसतं नाव लिहून आलोय. बघू पावती. बँकेचं पुस्तक तर माझ्याकडे असतं, त्यातून तीस रुपये हललेले नाहीत.

काउंटरवाली: रोख भरलेत. ते बघा, दारातून येतायत तेच ना? चपलेला पांढरा रंग लागलाय. आत्ताच फरशी पुसली होती.

रंगारी: अगं, तू इथे? शेजारच्या काकू म्हणाल्या, रिक्षा करून गेली. माझ्या जिवाचं पाणी झालं. काम टाकून आलो. काय होतंय का? पोटात दुखतंय?

बायको: पोटात काही नाही. डोक्यात आहे. तीस हजार कुठून आणलेत?

रंगारी: ते होय. ते मी... त्याचं काय आहे, घरी गेल्यावर बोलू या का? इथे मॅडमना काम असतं.

काउंटरवाली: मला काही घाई नाही. माझी सुट्टी दीडला.

बायको: कुठून आणलेत?

रंगारी: परांची विकली.

बायको: सगळी?

रंगारी: बांबू, लोखंडी नळ्या, फळ्या, सगळी. तो चार बिल्डिंगांची कामं घेणारा ठेकेदार कधीपासून मागत होता. नाहीतरी मला आता उंचावर चढायचा कंटाळा आलाय. गुडघा कुरकुरतो. आतल्या खोल्या रंगवेन. आतल्या कामाला सावली असते, पंखा असतो.

बायको: बाहेरच्या कामाला दुप्पट पैसे असतात. ती परांची जमवायला सहा वर्षं लागली आपल्याला. आणि मला विचारलंही नाहीत.

रंगारी: विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

बायको: म्हटलंच असतं. अहो, आयुष्यभर लोकांना कोटेशन देणारा माणूस तुम्ही. भेगा बुजवायची लांबी किती किलो, पॉलिशपेपर किती, रंगात कोण कुठे पाणी घालतो, बोटाने भिंत चोळून सांगता. आणि इथे येऊन ठोक रकमेला मान डोलावलीत? या कागदावर फुगे आहेत, माहीत आहे? फुग्यांचे साडेतीन हजार.

रंगारी: माहीत आहे. वाचलाय मी कागद.

बायको: वाचून दिलेत?

रंगारी: वाचून दिले. फुगे तर फुगे. मॅडम, तुम्हीच सांगा हिला. डिलक्समध्ये मोठे डॉक्टर बघतात, खोली वेगळी, नर्स घंटी वाजवली की हजर. या वेळी मला कुठे काटछाट नको. उधारी झाली तर झाली, मी फेडीन.

काउंटरवाली: दादा, डॉक्टर दोन्हीकडे तेच असतात. घंटीही दोन्हीकडे एकाच टेबलावर वाजते.

बायको: ऐकलंत? मॅडम, आता एक शेवटचं. यात पाचवी ओळ आहे, ती मी खोडली नाही, तिला गोल केलाय. 'बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी खोलीत हजर.' ही जनरलच्या कागदात आहे का?

काउंटरवाली: नाही. जनरलला लागले तर बोलावतात.

बायको: किती वेळात येतात?

काउंटरवाली: दिवसा पाच मिनिटांत. एरवी घरून यावं लागतं, वीस-पंचवीस मिनिटं धरा.

बायको: मला बोलावल्यावर येणारा डॉक्टर नको. आधीपासून तिथे उभा असलेला हवा. कळा सुरू झाल्या की तो आत, बाळ रडेपर्यंत बाहेर जायचं नाही. याचे वेगळे किती घ्याल?

काउंटरवाली: जनरलमध्ये कुणी असं मागत नाही, ताई.

बायको: मी मागतेय.

काउंटरवाली: मला आत विचारावं लागेल. आणि हे आगाऊ तीस हजार तिकडे वळवता येतील का, तेही विचारते. बसा दोघं.

(काउंटरवाली कागद घेऊन आतल्या खोलीत जाते. दोघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसतात.)

रंगारी: चिडलीस?

बायको: परांचीवर चिडलेय. तो राग चार दिवस पुरेल. तुम्ही हात पुसा आधी, सगळ्या खुर्चीला रंग लावताय.

रंगारी: वाळलाय तो. अगं, जनरल वॉर्ड म्हणजे दहा बायका, दहा बाळं, एकच बाथरूम. तुला झोप तरी लागेल का?

बायको: दोन दिवस नाही लागली झोप तर मरत नाही मी. झोपेसाठी लाख रुपये मोजायचे?

रंगारी: पैशांचं बोलू नकोस ना. बाळापुढे पैसा काय आहे?

बायको: बाळासाठीच पैशांचं बोलतेय. मी सकाळी आधी तिसऱ्या मजल्यावर गेले होते, तान्ह्या बाळांच्या विभागात. तिथल्या नर्सला विचारलं, काचेच्या पेटीत ठेवायला लागलं तर रोजचे किती? म्हणाली, नऊ हजार. मग विचारलं, डिलक्स पॅकेजमध्ये पेटी येते का? हसली ती. पेटी कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. सोफा आहे, फुगे आहेत, पेटी नाही.

रंगारी: पेटी लागणार नाही. या वेळी सगळं नीट आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात.

बायको: मागच्या वेळीही सगळं नीटच होतं. शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत. मी एवढंच बघते, की जनरल घेतलं तर एक लाख पाच हजार शिल्लक राहतात. म्हणजे अकरा दिवसांची पेटी. नाही लागली तर देव पावला, पैसे आपल्या पुस्तकात. लागली तर कुणापुढे हात पसरायला धावायचं नाही, तुम्ही फक्त खाली येऊन पैसे भरायचे. डिलक्स घेतलं आणि पेटी लागली, तर आपल्या हातात काय उरतं सांगा.

रंगारी: फुगे.

बायको: म्हणून मी सकाळपासून या बाईचं डोकं खातेय. मला चिकट म्हणू देत. मला या वेळी बाळ घरी न्यायचंय. त्याच्या आड जे जे येतं, सोफा काय नि रिबिनी काय, ते मी खोडणार आहे.

रंगारी: मला नाही काही खोडता येणार. तू कर. मी पेनला हात लावणार नाही.

बायको: माहीत आहे मला, का ते.

रंगारी: नाही. तुला नाही माहीत.

बायको: तुमच्या कामाच्या पँटीच्या खिशात होता तो कागद. धुवायला टाकताना सापडला. चौकातल्या प्रसूतिगृहाचा. सहा ओळी होत्या. चौथी खोडलेली, बाजूला तुमची छोटी सही.

रंगारी: कधी सापडला?

बायको: पंधरा दिवसांनी. मी घरी आले, त्यानंतर.

रंगारी: म्हणजे तीन वर्षं...

बायको: तीन वर्षं.

रंगारी: आणि तू बोलली नाहीस. अगं, मला वाटत होतं तो कागद हरवला. रोज वाटायचं, बरं झालं हरवला. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने मला सांगितलं होतं, बाळाचा डॉक्टर शंभरात एखाद्या वेळी लागतो. लागला तर बोलावू. मी विचारलं, काढला तर किती कमी होतील? म्हणाला, आठ हजार. मला आनंद झाला गं. वाटलं, काय भाव पाडला. खोडून सही करून दिली, गिऱ्हाईक करतं तशी. त्याच पैशांतून येताना तुला चपला घेतल्या. त्या तू वर्षभर घातल्यास. तू दारात चपला काढायचीस आणि मी तोंड फिरवायचो.

बायको: हळू बोला. श्वास घ्या जरा.

रंगारी: बोलावल्यावर पन्नास मिनिटं लागली त्या डॉक्टरला यायला. मी घड्याळ बघत होतो समोर. तिथल्या भिंतीला पोपडे आले होते, तेवढंच आठवतं. म्हणून या वेळी ठरवलं होतं, एकही ओळ खोडायची नाही. कागदावर जे असेल ते सगळं घ्यायचं. मला काय कळतंय, कुठली ओळ कशाची असते.

बायको: बोलले नाही, कारण पहिल्या वर्षी बोलले असते तर घर सोडून गेले असते. इतका राग होता. तुम्ही जेवायला बसलात की वाटायचं, याच्या घशाखाली घास जातोच कसा. मग एकदा तुमचं एक कोटेशन लिहीत होते. गिऱ्हाईक बाई म्हणाली, गळतीचं काम नको, यंदा पाऊस कमी आहे. मी ओळ खोडली, तुम्ही सही घेतली, विषय संपला. रात्री लक्षात आलं, त्या दिवशी प्रसूतिगृहात तुमच्या जागी मी असते आणि मला तो माणूस म्हणाला असता, शंभरात एखादा, तर मीही खोडली असती. आठ हजारांना मीही हुरळले असते. चपला घेतल्या नसत्या, तेवढंच. लंगोटं घेतली असती.

रंगारी: तुझा राग गेला?

बायको: सगळा नाही. थोडा आहे, राहू दे. पण सही तुमची असली तरी ओळ दोघांची होती. एवढं मला कळलं, आणि तुम्हाला सांगायला दोन वर्षं उशीर केला. ते चुकलं माझं.

रंगारी: आज का सांगितलंस मग?

बायको: तुम्ही परांची विकलीत म्हणून. कागद माझ्याकडे आहे हे आधीच सांगितलं असतं, तर तुम्ही फुग्यांसाठी परांची विकली नसतीत. डोळे पुसा, त्या आल्या.

काउंटरवाली: हं. विचारलं आत. आगाऊ भरलेले पैसे रोख परत मिळत नाहीत, पण जनरलच्या बिलात धरता येतात. आणि बाळाचे डॉक्टर पूर्ण वेळ हजर हवे असतील तर त्यांचे वेगळे बारा हजार. साहेब आधी नाहीच म्हणत होते. मी म्हटलं, त्या बाई ऐकणार नाहीत, डॉक्टरांना सांगून ठेवा.

बायको: बारा द्यायला हरकत नाही. त्या तिसांतून आधी ते बारा वळते करा आणि तशी पावती द्या. पावतीवर 'लागल्यास' लिहू नका. 'हजर' लिहा.

काउंटरवाली: 'हजर' लिहिते. वेळही लिहू?

बायको: लिहा. कळा सुरू झाल्यापासून बाळ रडेपर्यंत. खाली साहेबांची सही हवी. शिक्का चालणार नाही.

काउंटरवाली: साहेब कुरकुरतील, पण आणते. ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का येत नाही?

बायको: तुमचं दुकान बसेल. अहो, इकडे या. वाचा हा कागद. मोठ्याने वाचा, मला ऐकायचंय.

रंगारी: मी कशाला...

बायको: दोघांनी वाचायचा, असं ठरलंय आजपासून.

रंगारी: जनरल वॉर्ड, एक पलंग, दोन दिवस. प्रसूती शुल्क. औषधं, बाहेरून आणल्यास तेवढी वजा. कपडे घरून. दोन दिवसांचं जेवण. तपासण्या, आधीचे अहवाल ग्राह्य. बालरोगतज्ज्ञ... बालरोगतज्ज्ञ खोलीत हजर.

बायको: काही खोडायचंय?

रंगारी: काहीच नाही.

बायको: मला विचाराल तर त्या दोन दिवसांच्या जेवणाचे खोडू. डबा तुम्ही आणाल.

रंगारी: मी? मला वरण-भातापलीकडे काही येत नाही.

बायको: तेच खायचं असतं. खोडा. तुम्ही खोडा.

रंगारी: पेनला हात लावणार नाही म्हटलं होतं मी.

बायको: लावा आता. रेघ वाकडी आली तरी चालते. आता बाजूला सही. आता माझी, त्याच्या शेजारी. झालं. घ्या मॅडम.

काउंटरवाली: एका डब्याला दोन सह्या. बरं, आता या फॉर्मचा शेवटचा रकाना राहिला. प्रसूतीच्या वेळी सोबत कोण थांबणार? दादा, डिलक्स असतं तर तुम्हाला खोलीत बसता आलं असतं. जनरलला पुरुषांना आत सोडत नाहीत. जिन्यापाशी बाक आहे, तिथे थांबावं लागेल.

रंगारी: थांबेन.

काउंटरवाली: पहाटेपर्यंत लागू शकतं. काही माणसं कंटाळून घरी जातात, आम्ही फोन करतो मग.

रंगारी: मला फोन करावा लागणार नाही. बाकावर प्रसूतीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करूनच बसतो मी. बाळाचा डॉक्टर आत गेलेला मला दिसला पाहिजे.

काउंटरवाली: बरं, लिहिते तुमचं नाव. नात्याच्या जागी काय लिहू? नवरा?

बायको: नवरा नको. बाळाचे वडील लिहा.